न चालणारी चलनी नाणी

यवतमाळहून धामणगावच्या रस्त्याला लागले की वाटेत बाभुळगाव लागते. कपाशीच्या मुलखातले हे तालुक्याचे गाव. २ जुलै १९२३ रोजी जवाहरलाल दर्डा यांचा जन्म इथे झाला. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. लोकनायक बापूजी अणे यांच्या काळात यवतमाळात सुरू झालेले ‘लोकमत’ त्यांनी पुढे चालवले आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी ते नागपूरहून दैनिक म्हणून बाहेर काढले. राज्याच्या मंत्रिमंडळातही त्यांनी बरीच वर्षे काम केले. २०२३ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने शंभर रुपयांचे स्मरणनाणे काढले.

या जातीचे नाणे हातात घेतले की पहिल्यांदा जाणवते ते त्याचे वजन. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० दाते. आपल्या खिशातल्या दहा रुपयांच्या साडेचार नाण्यांएवढे ते भरते. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आणि शंभराचा आकडा; दुसऱ्या बाजूला ज्याचे स्मरण करायचे त्याची प्रतिमा. धातूत निम्मी चांदी, बाकीचे तांबे, निकेल आणि जस्त. निम्मी म्हणजे साडेसतरा ग्रॅम. त्या वर्षी चांदी किलोला सत्तर हजारांच्या घरात होती. म्हणजे शंभराचा आकडा मिरवणाऱ्या या तुकड्यात हजाराहून अधिक रुपयांची नुसती चांदीच होती, आणि टांकसाळ असली नाणी विकते ती त्याहूनही चढ्या भावाने.

आता हे नाणे घेऊन कुणी आठवडी बाजारात कांदे घ्यायला गेले, तर कायद्याने ते शंभर रुपयेच आहे. पण असे कोण करील? टांकसाळीतून ते मखमली डबीत येते आणि डबीतच राहते. आपल्याकडे ज्याला सगळीकडे मागणी असते त्याला ‘चलनी नाणे’ म्हणतात. इथे खरेखुरे चलनी नाणे आहे, पण ते चालत नाही, चालावे अशी कुणाची अपेक्षाही नाही.

ही उलटी रीत कशी पडली? तिचा माग काढत गेले तर वाट मुंबईच्या टांकसाळीतून जाते आणि थेट प्रशांत महासागरातल्या, कॅरिबियन समुद्रातल्या चिमुकल्या बेटांवर पोचते.

पैसा पाडण्यातला नफा

नाणे पाडणे हा राजाचा हक्क, आणि त्यात नफाही असतो, हे फार जुने गणित आहे. एखादे नाणे पाडायला दोन रुपये लागले आणि ते दहा रुपयांना चालले, तर मधले आठ रुपये सरकारचे. मात्र हा नफा कायमचा नसतो. नाणे बाजारात फिरते, झिजते, कधीतरी बँकेत परत येते आणि त्याच्या बदल्यात दहा रुपये द्यावेच लागतात. पण समजा, विकत घेणाऱ्याने ते कपाटात ठेवले आणि परत आणलेच नाही तर? मग सारा नफा सरकारच्या पदरात. टपाल तिकिटांचेही तेच. पत्राला न लावता वहीत चिकटवलेले तिकीट म्हणजे टपालखात्याने पैसे घेऊनही न पोचवलेले पत्र. पिटकेर्न या प्रशांत महासागरातल्या अगदी इवल्या बेटाने १९४० मध्ये स्वतःची तिकिटे काढली आणि पुढे कित्येक वर्षे जगभरच्या तिकीटसंग्राहकांनी त्या बेटाचा खर्च उचलला.

नाण्यांच्या बाबतीत हे घडायला साठ-सत्तरच्या दशकांची वाट पाहावी लागली. कारणे दोन. पहिले म्हणजे साम्राज्ये आवरत होती आणि बेटे एकामागून एक स्वतंत्र किंवा स्वायत्त होत होती. कुक बेटांना १९६५ मध्ये न्यूझीलंडच्या छत्राखाली स्वराज्य मिळाले. निउए १९७४ मध्ये त्याच वाटेने गेले आणि तुवालू १९७८ मध्ये स्वतंत्र झाले. झेंडा आला, राष्ट्रगीत आले, पण तिजोरीत खोबरे, फळे, मासे आणि परदेशी गेलेल्या पोरांनी पाठवलेले पैसे यांपलीकडे फारसे काही नव्हते. स्वतःची नाणी पाडण्याचा हक्क मात्र आता हाती होता.

दुसरे कारण चांदीचे. ब्रिटनने १९४७ पासून रोजच्या नाण्यांतली चांदी काढून टाकली. अमेरिकेनेही १९६५ च्या कायद्याने छोट्या नाण्यांतून ती हद्दपार केली. चांदीचा खणखणाट ऐकत वाढलेल्या पिढीला आता बाजारात नुसता तांबे-निकेलचा आवाज येऊ लागला. चांदीचे नाणे जपून ठेवण्याची हौस उरली होती, नाणे मात्र उरले नव्हते. नेमक्या याच सुमारास, १९६४ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हानियात फ्रँकलिन मिंट ही खासगी टांकसाळ उभी राहिली. पदके पाडून ती डाकेने घरोघर विकायची. पण पदक ते पदक. त्यावर एखाद्या देशाचे नाव आणि चलनाचा आकडा आला की त्याचे नाणे होते, आणि नाण्याला गिऱ्हाईक अधिक. टांकसाळीकडे यंत्रे होती आणि गिऱ्हाइकांचे पत्ते होते. बेटांकडे नाव होते. सत्तरच्या दशकात कुक बेटे, बहामाज, बार्बाडोस, ब्रिटिश व्हर्जिन बेटे यांची नाणी फ्रँकलिन मिंटमधून बाहेर पडू लागली. यांतल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर तर रोजचा व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये चाले. १९७३ मध्ये निघालेल्या तिथल्या देखण्या पक्ष्यांच्या नाण्यांना गिऱ्हाईक होते ते समुद्रापलीकडे.

एकाच पानावरची दोन नाणी

भारत या गोष्टीत शिरतो तो भुकेच्या दारातून.

बिनय रंजन सेन हे बंगालचे सनदी अधिकारी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या काळात त्यांनी अन्नखात्याचे काम पाहिले होते. १९५६ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे महासंचालक झाले आणि १९६० मध्ये त्यांनी जगभर भूकमुक्तीची मोहीम सुरू केली. त्याच मोहिमेच्या वाऱ्यावर १९६८ मध्ये, सेन निवृत्त झाल्यानंतर, संघटनेने एक अभिनव योजना काढली. सभासद देशांनी अन्नाचा, शेतीचा संदेश असलेली नाणी पाडावीत. साधी नाणी त्या त्या देशात दर्शनी किमतीला फिरावीत, म्हणजे संदेश हातोहात पोचेल. आणि चकचकीत, खास घडवलेली नाणी जगातल्या संग्राहकांना विकावीत, म्हणजे पैसा उभा राहील. संघटनेने या नाण्यांचे अल्बमही काढले. पान उलटावे तसे देश उलटत जायचे.

१९७० हे संघटनेचे रौप्यमहोत्सवी वर्ष. त्या वर्षी कॅरिबियन समुद्रातल्या आठ बेट-प्रदेशांनी मिळून एक काम केले. अँटिग्वा, बार्बाडोस, डॉमिनिका, ग्रेनाडा, माँटसेराट, सेंट किट्स, सेंट लुसिया आणि सेंट व्हिन्सेंट. आठांच्या आठ नाण्यांवर चित्र एकच, ऊस आणि केळी. दुसऱ्या बाजूला ज्याचे त्याचे नाव आणि बोधचिन्ह. किंमत चार डॉलर. चार डॉलरचे नाणे त्या बेटांच्या बाजारात आधी कुणी पाहिले नव्हते. मोजून-मापून देण्या-घेण्यासाठी हा आकडा निवडला गेला नव्हता, हे उघड आहे.

त्याच वर्षी मुंबईच्या टांकसाळीनेही ‘सर्वांसाठी अन्न’ हा संदेश घेऊन दोन नाणी काढली. एक वीस पैशांचे, पितळी रंगाचे. दुसरे दहा रुपयांचे, चांदीचे. दोन्हींवर कमळ आणि सूर्य. फोर्टमधली ही टांकसाळ १८२९ पासूनची. तिच्या नाण्यावर वर्षाच्या आकड्याखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी बारीक खूण असते. संग्राहकांसाठीच्या खास नाण्यांवर, ज्यांना या धंद्यात ‘प्रूफ’ म्हणतात, त्या काळी इंग्रजी ‘बी’ हे अक्षर असे. शहराचे नाव बदलल्यावर, १९९६ पासून, तिथे ‘एम’ आले. प्रूफ नाण्यासाठी ठसा आरशासारखा घासून घेतात, धातूची चकतीही घासतात आणि एकाऐवजी दोनदा ठोका देतात. मग पार्श्वभूमी काळसर चमकते आणि चित्र दुधासारखे उठून दिसते. असे नाणे बोटांनी धरायचे नसते. फक्त कडेने उचलायचे.

कमळाच्या वीस पैशांचे मात्र आपल्याकडे वेगळेच झाले. १९६८ पासून निघालेल्या या पितळी नाण्यांत सोन्याचा अंश आहे अशी वदंता पसरली. लक्ष्मीपूजनाला कमळाची १०८ नाणी मांडली की घरात बरकत येते, असेही सांगितले जाऊ लागले. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या व्यापारी पेठांत मग ही नाणी गल्ल्यातून देव्हाऱ्यात गेली. परदेशी संग्राहकासाठी काढलेले नाणे डबीत बंद झाले ते ठरवून. देशी बाजारासाठी काढलेले नाणेही बंद झाले, पण ते श्रद्धेपोटी.

पस्तीस ग्रॅमचा घाट

स्वतंत्र भारताचे पहिले स्मरणनाणे १९६४ चे. पंडित नेहरूंच्या निधनानंतर एक रुपया आणि पन्नास पैसे या दोन नाण्यांवर त्यांची प्रतिमा आली. ही निकेलची, सरळ बाजारात फिरणारी नाणी होती. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला वीस पैसे, पन्नास पैसे आणि एक रुपया यांच्या जोडीने दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. वजन १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. आत बारा ग्रॅम चांदी, आणि तिची त्या वेळची किंमत दहा रुपयांहून कमी. सरकारला हे सोयीचे होते. आतला धातू दर्शनी किमतीहून महाग झाला की सराफाची मूस तापायला वेळ लागत नाही.

पुढच्या दहा वर्षांत चांदी या नाण्यांना पुढे ढकलत गेली. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दहा रुपयांत चांदीचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर उतरले. १९७३ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’ या संदेशाचे वीस रुपयांचे नाणे आले. १९७४ मध्ये दहा रुपयांतून चांदी पूर्ण गेली, ते तांबे-निकेलचे झाले. चांदीसाठी पन्नास रुपयांचे नवे नाणे निघाले, वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास, निम्मी चांदी. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ जाऊन भिडली. त्या वर्षी ग्रामीण महिलांच्या प्रगतीचा संदेश देणारे आपले चांदीचे नाणे शंभर रुपयांचे होते. वजन ३५ ग्रॅम, निम्मी चांदी. आकडा दहाचा वीस, विसाचा पन्नास, पन्नासाचा शंभर झाला. नाण्याचा घाट मात्र इथे स्थिरावला. चव्वेचाळीस मिलिमीटर, पस्तीस ग्रॅम, अर्धी चांदी. बाभुळगावच्या सुपुत्राचे २०२३ चे नाणे याच घाटाचे.

या नाण्यांवरच्या संदेशांची यादी वाचली की तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. १९७४, नियोजित कुटुंब. १९७५, समता, विकास, शांती. १९७६, सर्वांना अन्न आणि काम. १९७७, विकासासाठी बचत. १९७८, अन्न आणि निवारा. १९७९, आंतरराष्ट्रीय बालवर्ष. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे शब्द नुसती सरकारी घोषवाक्ये वाटणार नाहीत. रेशनवर आलेली अमेरिकन लाल ज्वारी, ‘मिलो’, लोकांनी नाक मुरडत खाल्ली होती. तेव्हा मुख्यमंत्रिपदावर होते वसंतराव नाईक, याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्याच्या गहुलीचे. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ असा त्यांचा काळ. राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे ते जाहीरपणे बोलले होते. ती आठवण आजही निघते. संकरित ज्वारी त्यांनीच शेतावर नेली. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडण्याची कामे निघाली, सुकडी वाटली गेली आणि त्या अनुभवातून रोजगार हमी योजना पुढे कायद्यापर्यंत पोचली. १९७६ च्या पाच आणि दहा पैशांवर ‘अन्न आणि काम’ हे शब्द आले तेव्हा ते वाचणारे हात नुकतेच खडी फोडून आले होते.

म्हणजे एकाच संदेशाची दोन नाणी दोन दिशांना जात होती. ॲल्युमिनियमचे दहा पैसे बुलडाणा, यवतमाळ, वणीच्या बाजारात. त्याचेच चांदीचे भावंड जर्मनी-अमेरिकेतल्या संग्राहकाच्या अल्बममध्ये.

टांगारोआपासून पिकाचूपर्यंत

आता परत बेटांकडे जाऊ. त्यांचा प्रवास याच काळात, अशाच यंत्रांवर झाला, पण वळण वेगळे घेतले.

कुक बेटांनी १९७२ मध्ये स्वतःची नाणी काढली. एक डॉलरच्या नाण्यावर टांगारोआ हा तिथला समुद्राचा आणि सुफलतेचा देव. देव अगदी त्याच्या मूळ लाकडी मूर्तीप्रमाणे, निर्वस्त्र. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ. मिशनऱ्यांनी एकेकाळी जाळायला लावलेल्या मूर्तींपैकी एक देव डॉलरवर येऊन बसला होता. संग्राहकांत या नाण्याची चर्चा झाली ती देवाच्या निर्वस्त्रपणाची. पण बेटावरच्या माणसासाठी तो आपला देव होता आणि नाणे बाजारात चालतही होते. १९९० च्या दशकात आर्थिक संकट आल्यावर कुक बेटांनी आपल्या नोटा मागे घेतल्या, तीन डॉलरची नोट तेवढी राहिली. नाणी मात्र चालू राहिली. एक तर ती बेटावर उपयोगाची होती, आणि दुसरे म्हणजे परदेशात विकली जात होती.

हळूहळू दुसऱ्या उपयोगाने पहिल्याला मागे टाकले. पलाऊ हा देश अमेरिकन डॉलर वापरतो. त्याने १९९२ मध्ये समुद्री जीवांची रंगीत चित्रे असलेली नाणी काढली. नाण्यावर रंग चढवण्याची लाट तिथून पसरली. २००७ च्या सुमारास त्याच पलाऊच्या नावाने एक चांदीचा डॉलर निघाला, त्यात फ्रान्समधल्या लूर्दच्या पवित्र झऱ्याच्या पाण्याची इवलीशी कुपी बसवली होती. गंगाजलाचा गडू घरी आणून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फक्त गडूवर कुणी चलनाचा आकडा घालत नाही, इतकेच.

निउएने २००१ मध्ये पिकाचू आणि त्याच्या जातभाईंची नाणी काढली. २०११ मध्ये न्यूझीलंड मिंटने निउएच्या नावाने ‘स्टार वॉर्स’ची नाणी बाजारात आणली, एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला ल्यूक स्कायवॉकर नाहीतर डार्थ व्हेडर. तुवालूच्या नावाने ऑस्ट्रेलियातल्या पर्थ मिंटने २००९ मध्ये बार्बी बाहुलीचा पन्नासावा वाढदिवस साजरा केला. व्यवहार साधा आहे. टांकसाळ चित्रपट कंपनीकडून चित्राचा परवाना घेते आणि बेटाकडून देशाचे नाव घेते. नाव वापरल्याबद्दल बेटाला ठरावीक मोबदला मिळतो. धातू, ठसे, डबी, जाहिरात, विक्री हे सारे दुसरीकडे. नाणे त्या बेटाच्या मातीला पाय लावत नाही.

निउएची लोकसंख्या सतराशेच्या आसपास आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या मध्यम आकाराच्या एखाद्या खेड्याएवढी. तुवालूची अकरा हजारांच्या आसपास. एवढ्या लोकांच्या देशाने शाळा, दवाखाना, जहाज यांचा खर्च कसा चालवायचा, हा प्रश्न खोटा नाही. विकण्यासारखे काय आहे याचा विचार करता करता त्यांना सापडले की आपल्याकडे ‘देश असणे’ ही एक गोष्ट आहे आणि जगात तिला गिऱ्हाईक आहे. त्यांना हसण्याआधी हे ध्यानात ठेवलेले बरे.

फसगत झाली ती बहुतेकदा घेणाऱ्याची. टांकसाळीच्या माहितीपत्रकात ‘मर्यादित आवृत्ती’ असे छापलेले असते, पण दर महिन्याला नवी मर्यादित आवृत्ती निघत असेल तर मर्यादा राहते कुठे? सत्तरच्या दशकात हौसेने घेतलेले कित्येक संच पुढे विकायला काढल्यावर आतल्या चांदीएवढीच किंमत देऊन गेले. १९८० मध्ये भाव चढले तेव्हा तर कित्येक नाणी सरळ वितळली.

संदेशाकडून चेहऱ्याकडे

भारतात नाण्यांवरची भूक, बचत, निवारा हे शब्द ऐंशीच्या दशकानंतर विरळ झाले आणि चेहरे वाढले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी, १९८९ मध्ये नेहरूंची जन्मशताब्दी, १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा एक रुपया. बाबासाहेबांचे हे नाणे बाजारात फिरणारे होते. दीक्षाभूमीच्या या प्रदेशात ते खर्चायला मन कसे धजावे? १९९९ मध्ये दोन रुपयांच्या अकराकोनी नाण्यावर छत्रपती शिवाजी महाराज आले. त्यानंतर लोकमान्य टिळक, होमी भाभा, तात्या टोपे. २०१५ मध्ये आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीला दहा रुपयांच्या नाण्याबरोबर चक्क १२५ रुपयांचे नाणे निघाले.

हा १२५ चा आकडा म्हणजे कॅरिबियन बेटांच्या चार डॉलरचा दूरचा नातलग. २०१० पासून असे आकडे भराभर आले. रिझर्व्ह बँकेला ७५ वर्षे झाली, नाणे ७५ रुपयांचे. रवींद्रनाथांची १५० वी जयंती, नाणे १५० रुपयांचे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली, नाणे हजार रुपयांचे. नाण्यावरचा आकडा आता किंमत सांगत नव्हता, वय सांगत होता. २०११ च्या नाणे कायद्याने हजार रुपयांपर्यंतची नाणी पाडण्याची मुभा सरकारला दिली. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नॉएडाच्या टांकसाळी २००६ पासून एका सरकारी महामंडळाखाली आल्या होत्या. टांकसाळीला आता विक्रीचाही हिशेब ठेवायचा होता.

म्हणजे यंत्र तेच, युक्ती तीच. पण बेटे आपल्या देवापासून निघून परक्यांच्या नायकांपर्यंत गेली, आणि भारत साऱ्या जगाला सांगायच्या संदेशापासून निघून आपल्याच माणसांच्या शताब्दीपर्यंत आला. बेटांचे गिऱ्हाईक सातासमुद्रापार. आपले गिऱ्हाईक आता गावातच, ज्याला त्या माणसाची आठवण घरात ठेवायची आहे. म्हणूनच बाभुळगावला जन्मलेल्या माणसाचे नाणे निघू शकते. एखादी शताब्दी जवळ आली की पूर्वी पुतळा, रस्ता, टपाल तिकीट यांची मागणी होई. त्या यादीत आता नाणे आले आहे. इथे एक सावधगिरीही हवी. सन्मान सोपा झाला की त्याची धार बोथट होते. ‘मर्यादित आवृत्ती’चे जे झाले ते शताब्दीचेही होऊ शकते.

आणि याची एक झळ थेट गल्ल्यापर्यंत पोचली. दहा रुपयांच्या फिरत्या नाण्यांवरही प्रत्येक निमित्ताला नवे चित्र येत गेले. संसदेची साठ वर्षे, वैष्णोदेवी, काथ्या मंडळ, योगदिन, आंबेडकर. रुपयाचे चिन्ह काहींवर होते, काहींवर नव्हते. एका गल्ल्यात दहा तऱ्हेची नाणी पाहून दुकानदार बिचकले. त्यातली काही खोटी असल्याची अफवा गावोगाव पसरली. ‘दहाचं नाणं नको, नोट द्या’ हे वाक्य विदर्भातही सर्रास ऐकू येऊ लागले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहा रुपयांची चौदा प्रकारची नाणी चलनात आहेत आणि सगळी खरी आहेत. स्मरणासाठी काढलेल्या नाण्याने चालत्या नाण्याचीच पत घालवली होती.

दहा पैसे

या साऱ्या इतिहासातले मला सर्वांत बोलके वाटते ते १९७४ चे ॲल्युमिनियमचे दहा पैशांचे नाणे. कडा पाकळ्यांसारखी वळणदार, वजन इतके हलके की फुंकरीने सरकेल. चित्र आई-वडील आणि दोन मुले यांचे. लिमलेटच्या गोळ्यांसाठी ते लहान मुलांच्या मुठीत घामेजले, वाहकाच्या चामडी पिशवीत खुळखुळले, जत्रेत देवापुढच्या ताटात पडले. अन्न व कृषी संघटनेने ज्या कामासाठी नाण्यांची योजना आखली होती, हातोहात संदेश पोचवण्यासाठी, ते काम याच नाण्याने केले. हेच कुटुंब पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावरही आहे. ते मात्र डबीत बसले.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी चलनातून बाद झाली. झिजून गुळगुळीत झालेले ते दहा पैसे त्या दिवसापासून निव्वळ धातूचा तुकडा झाले. पन्नास रुपयांचे मात्र कायद्याच्या दृष्टीने अजून जिवंत आहे. कधीही न झिजलेले, आरशासारखे लख्ख, वापरायला हरकत नसलेले.